पैरण आणि फेरन

आईबाबांच्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो आहे, मे १९८६, श्रीनगर, निशात बाग. आई लालभडक काश्मिरी ड्रेसमध्ये उभी, डोक्यावर चंदेरी झुबक्यांचा रुमाल, कमरेवर घडा आणि शेजारी बाबा फरची टोपी घालून. महाराष्ट्रातल्या ज्या घरातलं कुणी त्या काळात काश्मीरला जाऊन आलंय त्या घरात हा फोटो असतोच, माणसं वेगळी, ड्रेस तोच. बागेतला फोटोवाला तो भाड्यानं द्यायचा, साडीवरूनच चढवायचा, दोन फोटो काढायचे, उतरवायचा, की लगेच पुढची नवी नवरी उभी. लहानपणी मी तो फोटो बघत बसायचे आणि विचारायचे, कसा होता गं तो ड्रेस? आई दर वेळी एकच सांगायची, "हलका होता. आणि टोचत होता."

फेरन, म्हणजे काश्मिरी लोकांचा तो ढगळ, लांब अंगरखा. त्याच्याशी आपल्याकडच्या बहुतेकांची ओळख एवढीच असते. माझीही तीन वर्षांपूर्वीपर्यंत एवढीच होती.

पुण्यात शिकायला काश्मीरची बरीच मुलंमुली येतात, होस्टेलला माझ्या रूमवर तशीच एक होती, श्रीनगरच्या जुन्या शहरातली. कॉलेज संपून इतकी वर्षं झाली तरी ती दरवर्षी बोलवायची, आणि तिची एक अट असायची, उन्हाळ्यात येऊ नकोस, उन्हाळ्यात सगळेच येतात, तू चिल्लई कलांमध्ये ये. चिल्लई कलां म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरच्या थंडीतले सगळ्यात कडक. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा, म्हणजे थंडीचंही अख्खं कुटुंब आहे तिकडे, मोठा, मधला आणि शेंडेफळ. शेवटी जानेवारीत गेले, आणि आईला घेऊन गेले. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते आले नाहीत पण त्यांनी तो फोटो अल्बममधून काढून आईच्या पर्समध्ये ठेवला होता, हे आम्हाला विमानात कळलं.

एअरपोर्टवर मैत्रिणीचा धाकटा भाऊ घ्यायला आला होता. करड्या ट्वीडचं गुडघ्याखालपर्यंतचं फेरन, आणि त्याच्या दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. आईनं माझा हात घट्ट धरला. मग तो जवळ आला, फेरनाच्या आत काहीतरी हललं, आणि दोन्ही बाह्यांतून दोन हात बाहेर आले, एकानं आईची बॅग घेतली आणि दुसऱ्यानं सलाम केला. हात आत होते, एवढंच. गाडीत बॅगा टाकल्या की परत आत. पुढचे आठ दिवस आम्ही हेच बघत होतो, रस्त्यावर, दुकानात, नानवायाच्या म्हणजे तिकडच्या कांदुरच्या दुकानापुढं सकाळी रोटीसाठी उभ्या माणसांत, सगळीकडे रिकाम्या बाह्या.

फेरन हे नुसतं एकच घालायचं कापड नाही, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. आत सुती कापडाचं तसंच एक असतं, त्याला पोछ म्हणतात, आणि त्यावर लोकरीचं फेरन. दोन्ही ढगळ. आपल्याकडे ढगळ म्हटलं की तो कपड्याचा दोष, शिंप्याला परत नेऊन द्यायचा. फेरनाचा सगळा जीव त्या ढगळपणात आहे. दोन थरांच्या मधे हवा राहते, शरीर आणि कापडाच्या मधे आणखी हवा, जुन्या पद्धतीच्या फेरनाला बाजूनं चिरा नसतात त्यामुळे ती ऊब खालून निसटत नाही, बाह्या इतक्या रुंद असतात की हात न कळत आत ओढता येतो, आणि मधल्या जागेत कांगडी राहते. जॅकेटमध्ये कुठं ठेवणार तुम्ही कांगडी?

कांगडी म्हणजे विलोच्या काड्यांची विणलेली टोपली आणि तिच्यात मातीचं भांडं, भांड्यात निखारे. चरार-ए-शरीफची कांगडी सगळ्यात नावाजलेली, तिला रंगीत काड्यांची नक्षी असते. शरद ऋतूत चिनारची पानं गोळा करून जाळतात, त्यांचा कोळसा करून ठेवतात, तो भरायचा, वर राखेचा थर द्यायचा म्हणजे तो धगधगत नाही, हळूहळू जळतो. कांगडीच्या कडीला एक छोटा चमचासारखा उलथणा बांधलेला असतो, चालन म्हणतात त्याला, ऊब कमी झाली की त्यानं राख जराशी बाजूला सारायची. मैत्रिणीची आई, घरात सगळे तिला मौज म्हणतात, मौज म्हणजे आईच, ती हे काम बोलता बोलता न बघता फेरनाच्या आत हात घालून करायची. मी विचारलं, भाजत नाही का? तर मैत्रीण हसली आणि म्हणाली, भाजतं की, सगळ्यांनाच लहानपणी एकदा भाजतं.

आणि नुसतं तेवढंच नाही. वर्षानुवर्षं धग लागून पोटावर, मांड्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, मौजच्या पायांवर ते होते. कांगडीमुळे होणारा त्वचेचा कॅन्सर डॉक्टरांनी १८६६ मध्येच नोंदवून ठेवलाय. कांगडी फार गोड गोष्ट आहे असं लिहून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही म्हणून हे लिहिलं. पण रात्री लाईट जातात, हीटर बंद, नळात पाणी गोठलेलं, आणि उशाशी ती एक टोपली तेवढी गरम असते, तेव्हा माणसं ती का सोडत नाहीत ते कळतं.

पहिल्या रात्री मौजनं आपलं जुनं फेरन आईला दिलं. रफलचं, म्हणजे बारीक मऊ लोकरीचं, गळ्याला आणि बाह्यांच्या कडांना थोडंसं आरीकाम. आईनं घातलं, आरशासमोर गेली नाही, तशीच भिंतीला टेकून बसली, हात आत घेतले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आण्णांची पैरण आठवली गं."

आण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील, निफाडजवळचे. ज्यांना निफाडची थंडी माहिती आहे त्यांना सांगायला नको, जानेवारीत पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात धूर करायला, नाहीतर घडांचं नुकसान होतं. आण्णा त्या शेकोटीपाशी धोतर, पैरण आणि वरून घोंगडीची खोळ अशा अवतारात बसलेले मी पाहिलेत. जाड्याभरड्या कापडाची बिनकॉलरची पैरण, ढगळच, आणि थंडीत ते दोन्ही हात बाह्यांतून काढून छातीशी घ्यायचे, अगदी असेच. आईला पैरण आठवली ती त्या हातांमुळे. मला मात्र ऐकताना शब्द आठवला. फारसीत अंगरख्याला पैराहन म्हणतात. तोच शब्द दख्खनेत येऊन आपली पैरण झाला आणि डोंगरात जाऊन त्यांचं फेरन झालं. एक सुती, एक लोकरीचं, एक धोतरावर, एक कांगडीवर, पण घराणं एक. मी हे हिंदीत मौजला सांगायचा प्रयत्न केला, तिनं दोनतीनदा म्हणून बघितलं, पैरण, पैरण, फ्यरन. काश्मिरी बोलताना तो उच्चार फेरनपेक्षा फ्यरनकडे जास्त झुकतो.

फेरन कुठून आलं याची तिकडे एक गोष्ट सांगतात, की अकबरानं १५८६ मध्ये काश्मीर घेतलं आणि लढवय्या लोकांना मवाळ करायला हा ढगळ पोशाख त्यांच्या अंगावर घातला. गोष्ट म्हणून जुनी आहे, मला मात्र पटत नाही. गोठलेल्या नळाच्या गावात चार महिने काढणाऱ्या माणसाला हा कपडा कुणी फर्मान काढून शिकवावा लागला असेल असं वाटत नाही. शिवाय गोष्ट कुणी सांगितली, कुणाबद्दल सांगितली हेही बघायला हवं ना.

फेरनाच्या आत काय आहे याची भीती मात्र खरंच राहिलेली आहे. नव्वदच्या दशकात चेकपोस्टवर फेरन वर उचलून दाखवावं लागायचं, बर्फात, रांगेत, म्हातारी माणसंसुद्धा. मैत्रिणीचे वडील हे सांगताना चिडले नाहीत, फक्त हातानं कड धरून उचलण्याची खूण करून दाखवली आणि हात पुन्हा आत घेतला. डिसेंबर २०१८ मध्ये कुपवाडा जिल्ह्यात शिक्षण खात्याच्या एका झोनल ऑफिसनं फेरन घालून ऑफिसात यायला मनाई करणारं पत्रक काढलं होतं, लोक इतके संतापले की ते मागं घ्यावं लागलं. आता काही वर्षांपासून २१ डिसेंबरला, चिल्लई कलांच्या पहिल्या दिवशी, पोरंपोरी फेरन घालून लाल चौकात जमतात, फेरन डे म्हणून. ट्वीडचं, झिपवालं, हूडवालं, सगळ्या तऱ्हा असतात. मला हे आवडतं. कपडा कपाटात जपून मरण्यापेक्षा त्याला हूड लागलेलं बरं.

हे फेरन फक्त मुसलमानांचं नाही हेही सांगायला हवं. पुण्यात आमच्या आधीच्या सोसायटीत एक पंडित आजी होत्या, १९९० नंतर जम्मूमार्गे मुलाकडे आलेल्या. पंडित कुटुंबांतल्या बऱ्याच मुलांना तेव्हा महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत राखीव जागा मिळाल्या, त्यातलाच त्यांचा नातू. त्यांचं फेरन घोट्यापर्यंत लांब, बाह्यांना वेगळ्या कापडाची पट्टी आणि कमरेला बांधायचा पट्टा. पुण्याच्या थंडीत ते घालायची गरज नसते, त्या वर्षातून एकदा हेरथला म्हणजे त्यांच्या शिवरात्रीला ट्रंकेतून काढायच्या, थोडा वेळ घालून बसायच्या आणि घडी घालून ठेवायच्या. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं जवळ जाऊन बसायला हवं होतं.

आता तिल्ला, कारण खरं तर मला त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

चौथ्या दिवशी मौजनं आपलं लग्नातलं फेरन काढलं. मलमलच्या कापडात गुंडाळलेलं, मखमलीचं, गर्द डाळिंबी, आणि गळ्यापासून छातीपर्यंत, बाह्यांच्या कडांना, खालच्या घेराला तिल्ल्याचं काम. तिल्ला म्हणजे सोन्याचांदीच्या रंगाची धातूची जर. चाळीस वर्षांत चांदी काळवंडलेली, पण दिव्याखाली धरलं की मधे मधे अजून चमकत होती. आईनं पहिलं काय केलं असेल तर ते उलटं केलं. कुणाच्या घरी जाऊन त्यांचं लग्नातलं वस्त्र असं उलटं करणं मला अवघड वाटलं, पण मौजचा चेहरा खुलला, म्हणाली, "इनको पता है." पैठणी बघायला शिकलेली बाई, ती कुठलंही जरीचं कापड आधी उलटंच करणार.

उलट्या बाजूला जर नव्हतीच. नुसते बारीक पिवळट सुती टाके. आई बघत राहिली. मग मौजनं बोटानं दाखवलं की तिल्ल्याची तार कापडातून आरपार जात नाही, ती जाड असते, ताठ असते, मखमलीतून ओढली तर तार खरवडते आणि कापडही फाटतं. म्हणून ती वरच ठेवतात, नक्षीच्या रेषेवरून फिरवत नेतात, आणि दुसऱ्या बारीक सुती दोऱ्यानं थोड्या थोड्या अंतरावर खालून टाका घेऊन तिला जागच्या जागी धरतात. धरणारा दोरा वरून जवळजवळ दिसत नाही. "म्हणजे ओवत नाहीत, मांडतात," आई म्हणाली.

नंतर नक्षीवरून दोघींचं जमेना. छातीवर मोठ्या मोठ्या कोयऱ्या होत्या, आई म्हणाली काय सुंदर कोयऱ्या आहेत, मी भाषांतर केलं आम, आणि मौज म्हणाली आम? इथं आंबा कुठं पिकतो, हा बादाम आहे. आईनं पर्समधून फोन काढून तिच्या पैठणीचा पदर दाखवला, ही बघा कोयरी. मौज म्हणाली, हा पण बादामच. शेवटपर्यंत कुणीही माघार घेतली नाही आणि दोघीही फार खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आम्हाला एका तिल्ला कारागिराकडे घेऊन गेली. जुन्या शहरात, लाकडी जिन्यावरून वर, छोट्या खोलीत खिडकीशी गादीवर ते बसलेले, गुडघ्यावर कापड, गुडघ्याखाली कांगडी. आदल्या रात्री बर्फ पडलं होतं आणि बाहेरच्या छपरांवरून इतका उजेड आत येत होता की त्यांना दिवा लागत नव्हता, ते म्हणाले असा दिवस कामाला सगळ्यात चांगला. नक्षी ते स्वतः काढत नाहीत, ते नक्काशाचं काम, तो वेगळा माणूस. नक्काश कागदावर चित्र काढतो, रेषांवर सुईनं भोकं पाडतो, कागद कापडावर ठेवून वरून पूड घासतो, की ठिपक्यांची रेघ उमटते. आई लगेच म्हणाली, आपला रांगोळीचा भोकांचा कागद! अगदी तेच. फक्त हे ठिपके जोडायला कामाच्या बारकाईप्रमाणे काही आठवडे किंवा काही महिने लागतात.

त्यांचा उजवा हात वर आणि डावा कापडाखाली. वर तार वळतेय, खाली सुई वाट बघतेय. पानाच्या टोकाशी आले की तार अंगठ्याच्या नखानं दाबून दुमडायचे, एक टाका, दुसरा टाका, मग परत फिरायचे. तार सुरतेहून येते म्हणाले. म्हणजे गुजरातेतली जर काश्मीरच्या मखमलीवर जाऊन बादाम होते, आणि आमच्याकडे तशाच जरीची कोयरी.

मग ते मशीनबद्दल बोलले. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर तिल्ल्यासारखं काम आता पटापट होतं, बाजारात तेच जास्त आहे, आणि गिऱ्हाइकाला दुकानात हातकाम म्हणून सांगितलं तर त्याला कळत नाही. २०२१ मध्ये युनेस्कोनं श्रीनगरला हस्तकलेसाठी क्रिएटिव्ह सिटीच्या यादीत घेतलं, २०२४ मध्ये वर्ल्ड क्राफ्ट सिटीचा मानही मिळाला, या गोष्टी चांगल्याच आहेत. पण जे फेरन आपण दुकानात हातात धरतो ते हाताचं आहे की मशीनचं हे आपल्याला ओळखता आलं नाही तर त्या खोलीतल्या माणसापर्यंत यातलं काही पोचत नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून काश्मीरला जाल किंवा हिवाळ्यात आपल्याकडच्या प्रदर्शनात घ्याल तेव्हा कृपा करून उलटं करून बघा. मशीनच्या कामाच्या मागं दोऱ्याची सलग, एकसारखी, दाट शिवण दिसते, समोर जशी नक्षी तशीच मागं. हाताच्या तिल्ल्याच्या मागं तुटक बारीक टाके, मधे मधे गाठी, कुठे टाका जवळ कुठे लांब. आणि दोन्ही बाह्यांवरचं एकच फूल शेजारी धरून बघा, हाताचं असेल तर ती दोन फुलं बहिणी असतात, जुळ्या नसतात. हाताचं महाग असतं. असणारच. परवडत नसेल तर फक्त गळ्याला काम असलेलं घ्या, किंवा ट्वीडचं साधं घ्या, तेही उत्तम असतं आणि ऊब तीच देतं. मशीनचं घेतलंत तरी काही बिघडत नाही, फक्त ते मशीनचं आहे हे माहिती असून घ्या.

आईनं एक घेतलं. मोरपंखी रंगाचं रफलचं, गळ्याला आणि कडांना तिल्ला. निघायच्या दिवशी आईनं पर्समधला तो १९८६ चा फोटो मौजला दाखवला. मौजनं चष्मा लावून बराच वेळ बघितला, लाल ड्रेसवर बोट फिरवलं, आणि फक्त एवढंच म्हणाली की तुम्हाला थंडी वाजत असेल यात.

मे महिना होता, आई म्हणाली. पण वाजत होती.

नाशिकला आल्यावर ते फेरन शालूशेजारी मलमलमध्ये राहणार असं मला वाटलं होतं. आई रोज घालते. नोव्हेंबरपासून सकाळी दूध घ्यायला, गॅलरीत पेपर वाचायला. घडी घालून ठेवताना तिल्ल्याची बाजू आत, दर थोड्या दिवसांनी घडी बदलायची, सेंट मारायचं नाही, हे नियम तिला नव्यानं शिकावे लागले नाहीत, जरीच्या साड्यांचे तेच असतात. बाबांनी सुरुवातीला विचारलं होतं, हात कुठे गेले तुझे, आता ते विचारत नाहीत, चहाचा कप रिकाम्या बाहीसमोर धरून थांबतात आणि हात बाहेर येतो.

गेल्या आठवड्यात उजव्या बाहीच्या कडेला तिल्ल्याची एक वेलांटी बांगडीत अडकून सुटली. मी म्हटलं श्रीनगरला पाठवू, मैत्रीण करून आणेल. आईनं ऐकून घेतलं. दुपारी बघते तर गॅलरीत उन्हात बसलेली, फेरन उलटं करून मांडीवर, चष्मा नाकावर, डबीतून पिवळा सुती दोरा काढलेला. सुटलेली तार नखानं हळूच सरळ करत होती, रेघेवर परत ठेवत होती. मला बघितल्यावर सुई पुढं केली.

"ओवून दे गं एवढी. नाकं फार बारीक करतात हल्ली."